पॉनी : एका फवारणी विमानाची नोंद आणि त्याच्या सुरक्षिततेचा इतिहास

(द्वितीय वर्ष कला)

विमानाच्या धडावर, शेपटीच्या थोडे अलीकडे, ठळक अक्षरांत एक खूण रंगवलेली असते. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानावर ती 'व्हीटी' या दोन अक्षरांनी सुरू होते आणि आडव्या रेघेनंतर आणखी तीन अक्षरे येतात. एस.टी.च्या गाडीवर 'एमएच' असते तसाच हा प्रकार, असे कोणालाही वाटेल. पण मोटारीचा नंबर आणि विमानाची नोंद यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मोटारीला मालक असतो. विमानाला मालक असतोच, पण त्याखेरीज नागरिकत्वही असते. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे विमान ज्या देशात नोंदले जाते त्या देशाचे ते नागरिक ठरते, आणि एकाच वेळी दोन देशांत त्याची नोंद चालत नाही. नोंद बदलता येते. मात्र आधीच्या देशाच्या वहीतून नाव कमी करून घ्यावे लागते, मगच दुसऱ्या देशाच्या वहीत ते चढते. सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी करतात तसेच म्हणाना!

'व्हीटी' ही अक्षरे कोठून आली, याविषयी 'व्हाइसरॉयचा प्रदेश' असा एक अर्थ सांगितला जातो. तो लोकांनी मागाहून बसवलेला आहे. बिनतारी संदेशवहनासाठी देशोदेशी अक्षरांचे गट वाटून दिले गेले, तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातील अनेक प्रदेशांच्या वाट्याला 'व्ही'ने सुरू होणारे गट आले. ऑस्ट्रेलियाचे 'व्हीएच' त्यांतलेच. अमेरिकेकडे 'एन' हे एकच अक्षर आहे, इंग्लंडकडे 'जी', अर्जेंटिनाकडे 'एलव्ही', न्यूझीलंडकडे 'झेडके'. या लेखात ज्या विमानाविषयी सांगायचे आहे त्याने ही सगळी अक्षरे कधी ना कधी अंगावर वागवली आहेत. त्याचे नाव 'पायपर पॉनी', कारखान्याच्या भाषेत पीए-२५. पॉनी म्हणजे तट्टू नव्हे. अमेरिकेच्या मध्य मैदानातील एका आदिवासी जमातीचे हे नाव आहे, आणि आपल्या विमानांना तेथील जमातींची नावे देण्याची पायपर कंपनीची रीतच होती.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विमानावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. विमानात बसणे दूरच, जवळून पाहण्याचाही योग मला अद्याप आलेला नाही. परंतु पॉनी हे माणसे नेणारे विमान नाही. ते औषध फवारणारे विमान आहे. आणि फवारणी हा विषय आमच्या घरात, शिवारात आणि एकूण तालुक्यात चांगलाच परिचयाचा आहे.

विमानातून पिकावर औषध टाकण्याचा पहिला यशस्वी प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ झाला. कटाल्पा नावाच्या झाडांची एक राई अळ्यांनी खाऊन टाकली होती. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने महायुद्धातील एक जुने 'जेनी' विमान त्या राईच्या बाजूने नेले आणि शिशाच्या आर्सेनेटची भुकटी वाऱ्यावर सोडली. विमानाच्या कडेला बसवलेली भुकटीची पेटी एतिएन दॉर्मॉय नावाच्या अभियंत्याने तयार केली होती. प्रयोग साधला, आणि लवकरच दक्षिणेकडील कापसाच्या राज्यांत बोंडातील सोंड्यावर हाच उपाय सुरू झाला. आज जगातील मोठ्या विमान कंपन्यांत गणली जाणारी डेल्टा ही कंपनी मुळात कपाशीवर भुकटी मारणाऱ्या धंद्यातून निघाली आहे, हे कपाशीवाल्यांच्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा एकदम फोफावला, आणि त्याचे कारण स्वस्ताई. लष्कराला वैमानिक शिकवण्यासाठी लागणारी 'स्टीअरमन' नावाची दोन मजली पंखांची विमाने आठ हजारांवर बांधली गेली होती. लढाई संपली आणि ती काही शे डॉलरला मिळू लागली. पुढची बैठक काढायची, तेथे औषधाची टाकी बसवायची, मागे वैमानिक बसायचा, की झाले फवारणीचे विमान. काहींनी लहान 'कब' विमाने घेतली. त्यांत वैमानिक पुढे आणि टाकी त्याच्या पाठीमागे. वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. पण विमान जमिनीवर आदळले की इंजिन थांबते, सांगाडा थांबतो, आणि मागची काही मण भुकटी मात्र पुढे जायची थांबत नाही. मध्ये माणूस असतो.

शिवाय हे काम साध्या उड्डाणाचे नव्हे. पिकाच्या वर दोन-तीन मीटर, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग. शेत संपताच नाक वर घ्यायचे, तारा आणि झाडे ओलांडायची, वळायचे, पुन्हा खाली यायचे. आपला औतकरी तासाच्या शेवटी बैल वळवतो तसे दिवसातून शेकडो वेळा वळायचे. वळताना विमान जड असते, वेग कमी असतो आणि खाली उंची नसते. इतर वैमानिकांना चूक सावरायला जी जागा मिळते ती येथे मिळत नाही. म्हणून या धंद्यात अपघात व्हायचेच असे सगळे धरून चालत. विमा महाग होता आणि वैमानिक तरुण होते.

'अपघात व्हायचेच' हे वाक्य ज्यांनी मान्य केले नाही अशा दोन माणसांचा उल्लेख येथे केला पाहिजे.

पहिला ह्यू डी हेवन. १९१७ साली हा तरुण वैमानिकी शिकत असताना हवेत दोन विमानांची टक्कर झाली. तो वाचला, पण त्याच्या पोटातील अवयवांना गंभीर इजा झाली होती. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने विचार केला, की पडण्याने माणूस मरतो म्हणतात, पण मला लागले ते कशाने? त्याचे उत्तर होते, बैठकीच्या पट्ट्याच्या बकलाने. म्हणजे इजा पडण्याने झाली नव्हती, आतल्या एका टणक वस्तूने झाली होती, आणि ती वस्तू बदलता येण्यासारखी होती. पुढे त्याने घरच्या घरी अंडी उंचावरून रबराच्या जाड थरावर टाकून पाहिली. खाली काय आहे आणि थांबायला किती अंतर मिळते, यावर अंड्याचे फुटणे अवलंबून होते. १९४२ साली त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघात क्षणभराचा असेल आणि अंगभर पसरून येत असेल, तर मानवी शरीर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट बल सोसू शकते, असा निष्कर्ष त्याने मांडला. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात अपघातातील इजांचा अभ्यास करणारा त्याचा विभाग सुरू झाला. माणसाला काचेच्या सामानासारखे नीट बांधून, भोवती दबणारे वेष्टण ठेवून पाठवावे, असे त्याचे थोडक्यात म्हणणे होते. आज मोटारीत आपण जो खांद्यावरून पट्टा लावतो, किंवा लावत नाही, त्याचा पाया या माणसाच्या अभ्यासाने घातला.

दुसरा फ्रेड वाइक. जन्म १८९९, मृत्यू १९९३. सामान्य माणसालाही न घाबरता चालवता यावे असे 'एरकूप' नावाचे विमान त्याने आधीच बनवले होते. १९४८ साली तो टेक्सासच्या कृषी व यांत्रिकी महाविद्यालयात आला. तेथे त्याच्याकडे काम आले ते असे, की मुळापासून शेतीसाठीच आखलेले एक विमान बनवावे. जुन्याला ठिगळ लावायचे नव्हते. त्यातून 'एजी-१' निघाले आणि १ डिसेंबर १९५० रोजी ते पहिल्यांदा उडाले. डी हेवनचा सल्ला वाइकने मनापासून घेतला होता. विमान पडणार हे गृहीत धरून वैमानिकाची जागा आखलेले असे विमान त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

पुढे पायपर कंपनीने वाइकला गाठले. आपल्याच लहान विमानांचे सुटे भाग शक्य तितके वापरून एक स्वस्त फवारणी विमान करून द्या, अशी त्यांची मागणी. १९५४ साली 'एजी-३' उडाले. त्याचीच सुधारलेली आवृत्ती पॉनी या नावाने १९५९ पासून पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथील कारखान्यातून बाहेर पडू लागली. आधी १५० अश्वशक्तीचे इंजिन, मग २३५ आणि २६०. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबले तोवर पाच हजारांहून अधिक पॉनी तयार झाल्या होत्या.

आता तिची रचना जरा सावकाश पाहू, कारण खरे शहाणपण तेथे आहे. सर्वांत पुढे इंजिन. त्यामागे औषधाची टाकी, दीडशे गॅलनची, म्हणजे सुमारे ५७० लिटर. आपल्या तिफणीला वर चाडे असते तसे तिचे तोंड वर उघडते आणि औषध खाली उतरते. या टाकीच्या मागे आणि बराच वर वैमानिक. म्हणजे वजन सगळे त्याच्या पुढे. पाठीमागून अंगावर येईल असे जड काही नाही. पॉनी बाजूने पाहिली तर पाठीला कुबड आल्यासारखी दिसते, सुंदर म्हणवत नाही. पण त्या कुबडात बसल्यामुळे वैमानिकाला नाकावरून खालचे पीक आणि समोरच्या तारा दिसतात. विमान नाकावर आदळले तर लांबलचक नाक आधी चेपते, आणि आघात वैमानिकापर्यंत येईस्तोवर त्यातला बराचसा खर्च झालेला असतो. डी हेवनचे अंड्याखालचे रबर ते हेच. वैमानिकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा मात्र इतर सांगाड्यापेक्षा मजबूत. विमान उलटले तरी डोक्यावरच्या नळ्या तग धरतात. खांद्यावरून पट्टे. समोरच्या काचेवर आणि चाकांच्या पायांवर तारा कापणारी पाती, आणि त्यातूनही तार निसटली तर ती शेपटीत अडकू नये म्हणून बैठकीच्या टपापासून शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत एक तिरपा ताणलेला दोर. शेतावरील विजेच्या तारांशी गाठ पडणारच, हे येथे धरूनच चालले आहे.

औषधाचे काय, तर धडाच्या बाजूची आवरणे झटकन काढता येतील अशी केली, कारण आत साचलेले रसायन धुऊन काढले नाही तर ते पोलाद खाते. आणि वैमानिकाच्या खोलीत वरून ताजी हवा घेण्याची सोय केली, की बाहेरचे विषारी तुषार आत येऊ नयेत. हे दुसरे कारण साधे नव्हते. पन्नाशीच्या दशकात पॅराथिऑनसारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आली होती. ती त्वचेतून शरीरात जातात, मज्जातंतूंचे काम बिघडवतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, नजर धूसर होते, हात थरथरतात. घरी खाटेवर पडलेल्या माणसाला हे झाले तर दवाखाना गाठता येतो. तारांखालून विमान नेणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

इतके सगळे केले तरी एक गोष्ट राहून गेली होती, आणि मला या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट तीच वाटते. पेट्रोलची टाकी इंजिन आणि औषधाच्या टाकीच्या मध्ये, म्हणजे नाकात होती. जे नाक चेपावे म्हणूनच बनवले होते, नेमक्या त्याच नाकात पेट्रोल भरलेले! वैमानिक आघातातून वाचे आणि आगीत सापडे. हा दोष कागदावर दिसला नाही, तो अपघातांनी दाखवला. १९७४ साली आलेल्या 'पॉनी डी'मध्ये टाकी नाकातून काढून पंखांत नेली. मधल्या पंधरा वर्षांत जी विमाने जळली त्यांच्या तपासणीचे कागद कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून हे झाले.

आणि येथे नोंदीचा संबंध येतो.

प्रत्येक पॉनीच्या धडावर कारखान्याने एक धातूची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो. आगीत वितळू नये अशी ती पट्टी असावी लागते. कारण स्पष्ट आहे. पॉनीचा क्रमांक २५ या आकड्याने सुरू होतो. सत्तरीच्या दशकापासून पुढच्या आकड्यांत वर्षही येते, म्हणजे '७३' दिसले की ते विमान १९७३ चे समजावे. देश बदलला की अक्षरे बदलतात, हा क्रमांक बदलत नाही. एखादी पॉनी टेक्सासमध्ये 'एन' लावून कपाशीवर उडते, मग इंग्लंडला जाऊन 'जी' लावते आणि तेथील क्लबात बिनइंजिनाची ग्लायडर विमाने दोरीने ओढून आकाशात सोडण्याचे काम करते. म्हातारपणी बैलाला हलक्या गाडीला जुंपावे तसे. फार मोठ्या संख्येने पॉनींचे उत्तरायुष्य या कामात गेले आहे, आणि अनेक अजूनही त्यावर आहेत. ओझे घेऊन सावकाश वर चढण्याची सवय येथे उपयोगी पडली.

क्रमांक जिवंत असल्यामुळे विमानामागे त्याची कुंडली फिरते. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या विमानांत अमुक दोष आहे, हे ठरवता येते आणि जगभरच्या मालकांना कळवता येते. १९९५ साली अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने पॉनीच्या मालकांना असाच एक सक्तीचा आदेश दिला. पंखातील पुढची तुळई धडाला जेथे जोडली जाते तेथील जोड आतून गंजतात, म्हणून त्यांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी असा तो आदेश. वीस-तीस वर्षे औषधाचे पाणी जेथे झिरपले, तेथेच लोखंड खाल्ले जात होते. असा आदेश एका देशाने काढला की इतर देशांतील पॉनींनाही तो सहसा लागू होतो. पायपरने १९८८ साली या विमानाचे हक्क अर्जेंटिनातील एका कंपनीला विकले. तरीही जुन्या विमानांच्या जबाबदारीचा धागा तुटला नाही, कारण हक्काबरोबर ती जबाबदारीही गेली.

नोंदवही म्हणजे ब्रह्मवाक्य, असे मात्र समजू नये. एखादे विमान पडते, त्याचे पंख दुसऱ्याला लागतात, तिसऱ्याचे धड येते, आणि शेवटी जुनी पट्टी बसवून तेच विमान दुरुस्त झाले असे लिहिले जाते. आमच्या तिफणीची दिंड बदलली, फण बदलले, चाडेही बदलले. आजोबांची तिफण मात्र ती अजून आहेच. विमानाच्या बाबतीत असे चालवून घेणे धोक्याचे, आणि म्हणून नोंद करणारे अधिकारी पट्टीविषयी इतके कडक असतात. २०१० साली खुद्द अमेरिकेच्या प्रशासनाने मान्य केले, की आपल्या वहीतील सुमारे ३,५७,००० विमानांपैकी एकतृतीयांश नोंदी बिनचूक नाहीत. मालक मेले, पत्ते बदलले, विमाने मोडीत गेली. वहीत सगळे जागच्या जागी. तेव्हापासून तेथे ठरावीक मुदतीने नोंद नव्याने करावी लागते. त्याआधी सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर तेथील सगळी फवारणी विमाने काही दिवस जमिनीवरच थांबवून ठेवली होती. विषाची टाकी असलेले विमान कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तेव्हा एकाएकी सरकारी झाला.

फवारणीच्या कामालाही तेथे स्वतंत्र नियम आहेत; १ जानेवारी १९६६ पासून ते अमलात आले. वैमानिकाला हवाई ज्ञानाबरोबर औषधांचे, विषबाधेच्या लक्षणांचे आणि प्रथमोपचाराचेही ज्ञान आहे की नाही, ते पाहिले जाते. अपघात संपले असे नाही. २०१३ या एका वर्षात शेतीकामातील ७८ विमान अपघातांची तपासणी झाली आणि त्यांवर स्वतंत्र अहवाल निघाला. पवनचक्कीची जागा ठरवण्यासाठी उभारलेले काठीसारखे बारीक मनोरे हा एक नवा धोका अलीकडे पुढे आला. असा मनोरा काही तासांत उभा राहतो, आणि दोनशे फुटांच्या आत ठेवला की त्यावर दिवा किंवा रंग लावण्याची सक्ती तेथे नव्हती. काल रिकामे असलेले शेत आज तसे नसते, आणि वैमानिकाला ते दिसतही नाही.

आपल्याकडेही असे विमान झाले आहे. बंगलोरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 'बसंत' नावाचे फवारणी विमान बनवले. ३० मार्च १९७२ रोजी ते उडाले. चारशे अश्वशक्तीचे इंजिन, वैमानिक उंचावर, टाकी पुढे. म्हणजे वाइकने घालून दिलेलाच क्रम. १९८० च्या सुमारास उत्पादन थांबले तेव्हा ३९ विमाने झाली होती. आपल्या एक-दोन एकरांच्या तुकड्यांवर विमान वळवायचे तरी कोठे, हा विचार मनात येतो. एकाच्या कपाशीवर मारलेले औषध शेजाऱ्याच्या भाजीवर आणि त्याच्या विहिरीत जाणार.

विमान सुरक्षित झाले म्हणजे फवारणी सुरक्षित झाली असे नाही, हे केरळातील कासरगोड जिल्ह्याने दाखवले. तेथील काजूच्या सरकारी बागांवर सत्तरीच्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. खाली वस्त्या होत्या, ओढे होते. जन्मतः व्यंग असलेली मुले, मज्जासंस्थेचे विकार यांच्या तक्रारी वाढत गेल्या. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर या औषधावर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्या हेलिकॉप्टरांवर अक्षरे असणारच, त्यांची उड्डाणे कोठेतरी लिहिली गेली असणारच. खाली कोण होते याची यादी करायला मात्र नंतर कितीतरी वर्षे लागली.

आमच्याकडे विमान नाही. आमच्याकडे पाठीवरचा पंप आहे. पंधरा-सोळा लिटरचा, प्लॅस्टिकचा, एका हाताने दांडा मारायचा आणि दुसऱ्या हाताने नळी धरायची. वडील फवारतात, आई आणि मी विहिरीवरून पाणी आणून पिपात औषध कालवतो. पंपाचे झाकण गळते. पाठ भिजते. कपाशी छातीएवढी झाली की तुषार तोंडावर येतात. वाइकने वैमानिकाला विषाच्या वर, मागे आणि बंद खोलीत बसवले. आमच्या पंपात माणूस विषाच्या पुढे चालतो आणि विष त्याच्या पाठीला चिकटलेले असते. टाकी मागे, माणूस पुढे. १९५० साली जी मांडणी चुकीची ठरली तीच.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वर्तमानपत्रात मृतांचे आकडे आले, चौकशी समिती नेमली गेली. पण कोणता पंप, कोणत्या बनावटीचा, त्याचे झाकण गळत होते का, फवारणारा वाऱ्याच्या दिशेने चालत होता की वाऱ्याच्या विरुद्ध, पीक किती उंच होते, हे एकेका माणसाबाबत कोणी लिहून ठेवले का? पंपाला क्रमांकाची पट्टी नसते. म्हणून 'अमुक ते अमुक क्रमांकाच्या पंपांची झाकणे बदला' असा आदेश निघू शकत नाही. आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला शेतीतील जोखमीवर चर्चा झाली, तेव्हा पाऊस आणि भाव या दोनच जोखमी फळ्यावर लिहिल्या गेल्या. तिसरी मी सुचवली. सरांनी ती लिहिली आणि तिच्यावर थोडे वाचून लिही म्हणून सांगितले. हा लेख त्यातून आला.

विमानांच्या धंद्यातही एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. वैमानिकाला वाचवण्याकरिता एवढे केले, पण विषाशी सर्वांत जवळचा संबंध त्याचा नसतो. तो असतो धावपट्टीच्या कडेला उभे राहून औषध कालवणाऱ्या आणि टाकी भरणाऱ्या माणसाचा. पाण्यात मिसळण्यापूर्वीचे घट्ट औषध तोच हाताळतो. यावर उपाय म्हणून डबा न उघडता नळीने औषध ओढून घेणारी बंद यंत्रे पुढे आली. पण विमान पडले तर त्याचा कागद होतो. भरणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन ओकला, तर त्याचा कागद होत नाही.

आता आपल्याकडे ड्रोन आले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्यांना नोंदणी सक्तीची आहे. प्रत्येक यंत्राला सरकारकडून स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. औषध फवारण्यासाठी वेगळी कार्यपद्धती आखून दिलेली आहे आणि २०२३ पासून महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजनाही सुरू झाली. दहा लिटरची टाकी पोटाखाली, माणूस बांधावर दूर उभा. वैमानिक आणि विष यांच्यात आजवर जेवढे अंतर पडले नव्हते तेवढे आता पडले आहे, हे मान्य केले पाहिजे.

गेल्या खरिपात आमच्या गावी एका कंपनीने ड्रोनचे प्रात्यक्षिक दाखवले. यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर पांढरा पोशाख होता, डोळ्यांना चष्मा होता. टाकी दर सात-आठ मिनिटांनी रिकामी होई. ती भरायला गावातलाच एक मुलगा रोजाने लावला होता, आणि तो उघड्या हाताने बाटलीतले औषध मापात ओतत होता. ड्रोनच्या एका बाजूला त्याचा ओळख क्रमांक चिकटवलेला होता. तो मी वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली त्या मुलाचे नाव, तारीख व औषधाचे नावही लिहून ठेवले आहे.